चालती गाडी अडते तेव्हा…

भाजी खाली लागली, विरजण नीट लागलं नाही, इस्त्री तापेनाशी झाली, तर आपण लगेच कारण शोधायला लागतो. कोणी शिकवलेलं नसतं, तरी शोधतो आणि बहुतेक वेळा सापडतंही. मग दारातली स्कूटर अडली की मात्र "ह्यांना विचारते" किंवा "मिस्त्रीकडे टाकते" असं म्हणून आपण हात का झटकतो बरं? मीही तेच करत होते. त्या सवयीपायी यंदा माझी नोकरी सुटायची वेळ आली होती, म्हणून हा लेख.

मी सिडकोत राहते आणि शेंद्र्याकडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. घरापासून शाळा 14 किलोमीटर. मुकुंदवाडी, चिकलठाण्याचं विमानतळ, केंब्रिज चौक, कुंभेफळ आणि मग शेंद्रा असा सरळ जालना रोड. रस्ता चांगला आहे, पण रहदारी भयंकर! कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टँकर सगळे आपल्या उशाशी. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत 2001 पासून स्कोडाच्या मोटारी तयार व्हायला लागल्या. त्या चकचकीत मोटारी घेऊन जाणाऱ्या लांबलचक ट्रेलरच्या कडेने माझी जुनी स्कूटर जाते. 2007 सालची, नणंदेकडून माझ्याकडे आलेली. पंधरा वर्षं झाल्यावर 2022 साली आम्ही तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. रंग उडालाय, सीट फाटलंय, पण माझी तक्रार नव्हती. यंदाच्या ऑगस्टपर्यंत तरी नव्हती.

ऑगस्टमध्ये एक दिवस केंब्रिज चौक ओलांडून पुढे गेले आणि गाडीने दोन-तीन आचके दिले. अॅक्सिलरेटर पिळला तरी जोर येईना. शेवटी बंदच पडली. मागून ट्रकचा हॉर्न असा वाजला की काळजाचं पाणी झालं. कशीबशी डावीकडे घेतली. बटण दाबलं, किक मारली, पण नाव नाही. दहा मिनिटांनी सहज पुन्हा किक मारली तर पहिल्याच दमात सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

जितकी तोंडं तितकी कारणं

त्यानंतर असं वरचेवर होऊ लागलं. रोज झालं असतं तर बरं, पण आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, कधी मुळीच नाही. मिस्त्रीकडे नेली. त्याने गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, झकास चालतेय की!" तरी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलं, "जुनी गाडी, तापली की बंद पडते," आणि इग्निशन कॉइल बदलली. बाराशे रुपये गेले, आचके राहिले.

हे म्हणाले, "तू अॅक्सिलरेटर एकदम पिळत असशील." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पेट्रोलमध्ये भेसळ असणार." सासूबाईंनी तर हँडलला लिंबू-मिरची बांधली, कारण गाडी बहुतेक वेळा कुंभेफळच्या अलीकडेच अडायची. "त्या जागेचंच काहीतरी आहे," असं त्यांचं मत.

मी हसले, पण रात्री झोप लागेना. तो ट्रकचा हॉर्न कानात होता. एका रात्री हे शांतपणे म्हणाले, "तीन तासांच्या नोकरीसाठी जीव कशाला धोक्यात घालतेस? सोडून दे." त्यांचं चुकत नव्हतं. नवी स्कूटर लाखाच्या घरात, आणि माझा पगार तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातून वर्षभरात तेवढी शिल्लक पडणार नाही. पण ती तीन तासांची नोकरी माझी स्वतःची आहे, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

क्रियाविशेषण कामी आलं

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात क्रियाविशेषण अव्यय शिकवत होते. कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक. "मुलगा धावतो. केव्हा धावतो? कुठे धावतो? कसा धावतो? किती धावतो?" फळ्यावर लिहिता लिहिता माझाच हात थांबला. मी दोन्ही मिस्त्र्यांना काय सांगितलं होतं? "गाडी बंद पडते." नुसतं कर्ता आणि क्रियापद! केव्हा, कुठे, कशी, किती, यातलं काहीच नाही. एवढ्याशा वाक्यावर कोणता मिस्त्री रोग ओळखणार? "पोटात दुखतं" एवढंच सांगून आपण डॉक्टरांसमोरून उठतो का? कधी दुखतं, जेवणाआधी की नंतर, कळ येते की मंद दुखतं, हे सगळं ते विचारतातच.

नव्या गाड्यांचं एक बरं असतं. 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला. तेव्हापासूनच्या स्कूटरमध्ये बहुधा कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. बिघाड झाला की समोर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडीतला छोटा संगणक त्या बिघाडाचा क्रमांक लक्षात ठेवतो. मिस्त्री यंत्र जोडून तो वाचतो. आमच्या जुन्या स्कूटरला ही आठवण कुठली? म्हणून तिची आठवण मीच ठेवायची ठरवली. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि गाडी अडली तरी लिहायचं, न अडली तरी लिहायचं, असा नेम केला. हे दुसरं विसरू नका बरं का! गाडी कधी अडत नाही, यातही बरंच काही कळतं.

पाच आठवड्यांत वहीत काय जमलं ते पाहा.

कशी? एकदम कधीच नाही. आधी जोर कमी, मग आचके, मग बंद. वीज गेली की घरातले सगळे दिवे एका क्षणी जातात, पण सिलिंडर संपत आला की ज्योत हळूहळू बसते. गाडीचंही तसंच. ठिणगीचा, म्हणजे विजेचा बिघाड असला तर इंजिन बहुधा फटकन बंद होतं. पेट्रोल पोचत नसेल तर ते रडत-कुथत बंद पडतं. माझी गाडी रडत होती. हॉर्न मात्र बंद पडल्यावरही खणखणीत वाजत होता, म्हणजे बॅटरी आणि किल्लीचा स्विच जागेवर होते.

कुठे? एका सोमवारी भावाकडून, गारखेड्याहून परस्पर शाळेला निघाले, तर गाडी विमानतळाच्या जरा पुढे अडली. कुंभेफळ अजून लांब होतं. म्हणजे जागेचा दोष नाही, अंतराचा आहे. निघाल्यापासून आठ-नऊ किलोमीटर झाले की घोटाळा. मिस्त्रीच्या गल्लीतल्या चकरेत तो कसा दिसणार? भाजीला, बँकेत, मुलीच्या क्लासला जाताना ती कधीच अडत नव्हती, त्याचंही कारण हेच.

केव्हा? मला वाटत होतं उन्हात. वही म्हणाली, नाही. बहुतेक वेळा सकाळी जातानाच अडली होती. दुपारी अडीच वाजता, उन्हात उभी राहून सीट पोळत असताना निघाले, तर बहुतेकदा थेट घरी. "तापून बंद पडते" हे म्हणणं इथेच पडलं.

किती? हे सगळ्यात चमत्कारिक. पेट्रोल कमी असलं की गाडी अडत नसे. काटा तळाला होता तेव्हा शाळेपर्यंत सुखरूप गेले. आणि टाकी काठोकाठ भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सहा किलोमीटरवर बंद! म्हणून तर भेसळीचा संशय आला होता. पण पंप बदलून पाहिला, तरी तेच.

आता सांगा, पेट्रोल भरपूर असताना पेट्रोलवाचून गाडी का अडावी?

तेलाच्या डब्याचं उत्तर

उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरात. दिवाळीच्या फराळासाठी पंधरा किलोचा तेलाचा डबा आणला होता. मी घाईत एकच भोक पाडलं आणि डबा वाकवला. तेल गुडगुड करत थोडं आलं, मग धार तुटली, मग थांबलं. सासूबाई चकल्यांची भाजणी चाळत होत्या. न बघताच म्हणाल्या, "अगं, दुसरं भोक पाड समोरून. वाऱ्याला आत यायला वाट नको का?"

मी डबा तसाच ठेवला आणि अंगणात जाऊन गाडीचं सीट उचललं.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी अशा जुन्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणातच बारीक छिद्र असतं. ते बुजलं की आत हवा विरळ होते आणि पेट्रोलला मागे ओढून धरते. मग टाकी भरलेली असूनही कार्बोरेटर कोरडा! दहा मिनिटं थांबलं की कडेकडेने थोडी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. टाकी भरलेली असेल तर वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. टाकी रिकामी असेल तर वरची पोकळी मोठी, तिला वेळ लागतो. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन ती वरून दाब देते, म्हणून दुपारी गाडी निमूट चालायची. वहीतली एकूण एक ओळ जुळली.

आणि छिद्र बुजवलं होतं कोणी? आता कबूल करायला हरकत नाही. मीच!

जुलैत फाटक्या सीटमधून पावसाचं पाणी झिरपून टाकीत गेलं होतं. मिस्त्रीने टाकी रिकामी करून दिली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी शहाणपणाने दुधाची जाड पिशवी दुहेरी कापून झाकणाखाली घट्ट बसवली होती. काटकसरीचा उपाय म्हणून दोघी-तिघींना सांगितलाही होता! नंतर मी ते इतकं विसरले, की पंपावरचा मुलगा ती पिशवी काढून बाजूला ठेवायचा, पुन्हा लावायचा, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. गाडी जुलैनंतरच अडायला लागली, हे वहीत पहिल्या पानावर होतं. "जुलैत काय बदललं?" हा प्रश्न मात्र मी विचारलाच नव्हता.

तरी खात्री करायचीच होती. दुसऱ्या दिवशी पिशवी तशीच ठेवून निघाले. या वेळी जपून, अगदी कडेकडेने. नवव्या किलोमीटरला आचके आले. बाजूला थांबले, इंजिन आणि किल्ली बंद केली आणि झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. दुधाची पिशवी मधोमध वाटीसारखी खोल ओढली गेली होती. झाकण लावलं, किक मारली, आणि गाडी त्याच क्षणी सुरू झाली. दहा मिनिटं थांबावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला मी एकटीच हसत उभी होते. जाणाऱ्या-येणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे!

चिकलठाण्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन पिशवी दाखवली, वही दाखवली. त्यांनी झाकण पेट्रोलमध्ये धुऊन, हवा मारून छिद्र मोकळं केलं आणि तीस रुपये घेतले. म्हणाले, "बेटी, गिऱ्हाईक असं लिहून आणेल तर आमचं अर्धं काम झालं." मग सीटला नवं कव्हर घातलं, कारण मूळ रोग तोच होता. त्यानंतर गाडी एकदाही अडलेली नाही.

तुमच्या गाडीचं कारण वेगळं असू शकेल

माझ्या गाडीचं औषध तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. म्हणून काही खुणा देते.

सिग्नलला अॅक्सिलरेटर सोडला की बंद पडत असेल, तर कार्बोरेटरमधला कचरा किंवा आयडलिंग कमी ठेवलेलं असणं, हे आधी पाहावं. हे काम सोपं आणि स्वस्त असतं.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर अडत असेल, तर प्लगच्या टोपीत पाणी किंवा तिची वायर चिरलेली असू शकते. पेट्रोलमध्येही पाणी असू शकतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनी गाडी महिनोन् महिने पेट्रोल भरून नुसती उभी ठेवू नये, ती याचसाठी.

खड्ड्यातून गेल्यावर फटकन बंद पडत असेल, तर कुठली तरी वायर सैल आहे. हॉर्नही गप्प झाला तर बॅटरीची जोडणी, फ्यूज आणि किल्लीचा स्विच तपासून घ्यावा.

अर्धा तास चालून फटकन बंद आणि गार झाल्यावरच सुरू, असं असेल तर मात्र कॉइल किंवा ठिणगीचं सर्किट खरोखर तापत असेल. फ्युएल इंजेक्शनच्या जुन्या मोटारीत अशा वेळी क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा पेट्रोलचा पंप यांचाही संशय घेतात. यंत्र लावून तपासणी करून मगच सामान बदलायला सांगा.

आणि किल्ल्यांचा जुडगा! कपाट, तिजोरी, माळा, शाळेचं कपाट, सगळ्यांच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीला अडकवायची आपली खोड असते ना? अमेरिकेच्या जनरल मोटर्सने 2014 साली सुमारे 26 लाख मोटारी परत बोलावल्या. त्यांचा किल्लीचा स्विच इतका सैल होता, की धक्क्याने किंवा जड जुडग्याच्या ओढीने चालत्या गाडीत किल्ली फिरे आणि इंजिन बंद पडे. त्याबरोबर अपघातात फुगायच्या एअरबॅगही निकामी होत. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. "चालताना गाडी बंद पडते" या तक्रारी कंपनीत कितीतरी वर्षं आधीपासून येत होत्या, पण तो गैरसोयीचा प्रश्न मानला गेला, जिवाचा नव्हे. तेव्हा "बंदच पडते ना, पेट घेत नाही ना!" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि आपली जुनी किल्ली आजच जुडग्यातून सोडवा.

रस्त्यावर अडली तर

घाबरून करकचून ब्रेक मारू नका. आरसा पाहा, डावा इंडिकेटर लावा आणि गाडीला जो वेग आहे त्याच वेगात तिला कडेला उतरू द्या. रस्त्यात उभं राहून किका मारत बसू नका.

चारचाकी असेल तर स्टिअरिंग एकदम जड होतं, पण वळतं. जोर लावा. ब्रेकला एक-दोन दाबांपुरतं बळ उरलेलं असतं, म्हणून पाय पुन्हा पुन्हा न उचलता एकदाच घट्ट दाबून धरा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

टाकीचं झाकण उघडून पाहायचं तर इंजिन बंद करून, आसपास विडी-सिगारेट नाही हे पाहून. झाकण सैल ठेवून गाडी कधीही चालवू नका.

मिस्त्रीकडे जाताना केव्हा, कुठे, कशी, किती, हे चार शब्द कागदावर लिहून न्या. त्यात पाचवा माझ्याकडून घाला: "त्याआधी काय बदललं?" नवं पेट्रोल, नवी दुरुस्ती, धुलाई, मुलांनी केलेला उद्योग, आणि हो, आपण स्वतः केलेला घरगुती उपायही! लाज वाटली तरी सांगा. मी ऑगस्टमध्येच त्या पिशवीचं बोलले असते तर तीन महिने आणि बाराशे रुपये वाचले असते.

मी ज्यांना तो पिशवीचा उपाय सांगितला होता, त्या सगळ्यांना फोन करून पिशव्या काढायला लावल्या. ह्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "माझ्या मोटरसायकलचाही आवाज येतो आठवडाभर. बघतेस का जरा?" नोकरी सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

हँडलची लिंबू-मिरची मात्र मी काढलेली नाही. शेवटी डब्याचं दुसरं भोक सासूबाईंनीच सुचवलं होतं ना!